लॉन मोवरची केबल तुटली? नवी मागवण्याआधी हे बघून घ्या

अमेरिकेत नवं घर घेतलेल्या माणसाची गवताशी खरी गाठ पडते ती पहिल्या एप्रिलमध्ये. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, इलिनॉय अशा थंडीच्या राज्यांत मोवर चार-पाच महिने गराजच्या कोपऱ्यात पडून असतो. हवा उबदार झाली की दर आठवड्याला गवत कापावं लागतं. मोवर बाहेर काढावा, दोरी ओढावी, तर दोरी जागची हलत नाही. किंवा इंजिन सुरू होतं, पण चाकं पुढे ओढत नाहीत. दुरुस्तीच्या दुकानात त्या दिवसांत दोन-तीन आठवड्यांची रांग असते, आणि तोवर गवत गुडघ्याला लागतं.

यातले बरेच मोवर एका केबलवाचून अडलेले असतात. ही केबल सहसा १५ ते ४० डॉलरना मिळते आणि सवय नसलेला माणूसही ती तासाभरात बसवू शकतो. अवघड असतं ते बरोबर केबल निवडणं. ऑनलाइन शोधलं की एकसारख्या काळ्या केबल्सची शेकडो चित्रं समोर येतात, आणि त्यातली चुकीची केबल बसली तरी ती चुकीची आहे हे लगेच कळत नाही. म्हणून इथे निवडीबद्दल सविस्तर लिहितो आणि बसवण्याबद्दल थोडक्यात. हे सगळं मागून चालत ढकलायच्या पेट्रोल मोवरबद्दल आहे. बॅटरीवरच्या बहुतेक मोवरमध्ये हँडलवरची दांडी विजेचा स्विच दाबते, त्यांचा हिशेब वेगळा.

आधी कुठली केबल ते ठरवा

हँडलपाशी उभे राहा आणि केबल्स मोजा. साध्या, ढकलायच्या मोवरवर एकच असते. स्वतः पुढे जाणाऱ्या मोवरवर दोन, कधी तीन किंवा चार.

पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची म्हणजे इंजिन ब्रेकची केबल. हँडलला समांतर एक दांडी असते, ती हँडलशी दाबून धरल्याशिवाय इंजिन चालत नाही. तिला इथे बेल म्हणतात, मी पुढे नुसतं दांडी म्हणेन. दांडी दाबली की केबल ओढली जाते, इंजिनासोबत फिरणाऱ्या जड चाकावर, म्हणजे फ्लायव्हीलवर, टेकलेला ब्रेक सुटतो आणि ठिणगी बंद ठेवणारा स्विचही मोकळा होतो. दांडी सोडली की इंजिनावरची स्प्रिंग ब्रेक पुन्हा लावते.

ही व्यवस्था कायद्याने आली आहे. अमेरिकेत ३० जून १९८२ नंतर तयार झालेल्या, मागून चालवायच्या फिरत्या पात्याच्या मोवरला दांडी सोडल्यापासून ३ सेकंदांच्या आत पातं थांबवावंच लागतं. आकडा ऐकायला किरकोळ वाटतो, म्हणून थोडा हिशेब सांगतो. २१ इंची पातं मिनिटाला ३,००० फेऱ्या घेत असेल तर त्याच्या टोकाचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास जातो. अडकलेलं गवत काढायला माणूस वाकतो तेव्हा त्याचा हात आणि ते पातं यांच्यामध्ये या केबलवर चालणारा ब्रेक असतो. ही केबल बिघडली की दांडी टेपने किंवा झिप टायने हँडलला कायमची बांधून काम चालवणारे लोक मी पाहिले आहेत. एका शनिवारपुरतंसुद्धा हे करू नका. त्यापेक्षा शेजाऱ्याचा मोवर मागा.

काही महागड्या मोवरमध्ये दांडी सोडल्यावर इंजिन चालू राहतं आणि फक्त पातं थांबतं. होंडाच्या मोवरवर याला रोटो-स्टॉप म्हणतात. त्यात आधी एक बटण दाबून मग दांडी ओढावी लागते, म्हणजे चुकून हात लागून पातं फिरू नये. पातं इंजिनापासून सोडवणाऱ्या या क्लचची केबल साध्या इंजिन ब्रेकच्या केबलपेक्षा वेगळी असते आणि एकीच्या जागी दुसरी चालत नाही.

दुसरी ड्राइव्ह केबल, म्हणजे चाकांना ओढ देणारी. ती हँडलवरच्या दुसऱ्या दांडीपासून चाकांजवळच्या गिअरबॉक्सपर्यंत जाते. टोरोच्या पर्सनल पेस मोवरमध्ये वेगळी दांडी नसते. तुम्ही चालता तसं हँडल पुढे सरकतं आणि तेच केबल ओढतं. वेग कमीजास्त करायची सोय असेल तर त्यासाठी आणखी एक केबल असू शकते.

तिसरी थ्रॉटलची, म्हणजे इंजिनाचा वेग ठरवणारी. काही मोवरवर चोकचीही वेगळी असते. हल्लीच्या अनेक मोवरवर वेग कारखान्यातच ठरवून दिलेला असतो, त्यामुळे ही केबल नसतेच.

तुमच्या हातातली तुटकी केबल यातली कुठली, ते तिची दोन्ही टोकं कुठे जातात ते बघून ठरवा. वरचं टोक कुठल्या दांडीला आणि खालचं कशाला, एवढं कागदावर लिहून ठेवा. दुकानात किंवा वेबसाइटवर शोधताना नाव त्या कामावरूनच लागतं. ब्रिटनमधल्या वाचकांना हीच इंजिन ब्रेकची केबल ओपीसी (ऑपरेटर प्रेझेन्स कंट्रोल) केबल या नावाने शोधावी लागेल, आणि मापं तिथे मिलिमीटरमध्ये मिळतील.

केबलच गेली आहे का?

नवी केबल मागवून, बसवून, मोवर तसाच बंद राहिला की फार वाईट वाटतं. म्हणून आधी दहा मिनिटं तपासणीला द्या.

स्पार्क प्लगवरची वायर काढून बाजूला वळवून ठेवा. हे पहिलं काम, आणि मोवरला हात लावायच्या प्रत्येक वेळी करायचं. मोवर आडवा करायची गरज पडली तर एअर फिल्टर आणि कार्बोरेटर असलेली बाजू वर ठेवा, नाहीतर तेल फिल्टरमध्ये उतरतं आणि पेट्रोल गळतं.

आता दांडी दाबा आणि इंजिनाकडचं टोक बघा. एकट्याला दोन्ही जमत नसेल तर घरच्या कुणाला तरी दांडी दाबायला सांगा. दांडी हलते पण इंजिनावरचा लहान लिव्हर हलत नाही, म्हणजे आतली तार तुटली किंवा टोक निसटलं. दांडीच दाबली जात नाही, म्हणजे तार आवरणात गंजून अडकली. लिव्हर हलतो पण शेवटपर्यंत जात नाही, म्हणजे तार ताणली गेली, आवरण कुठेतरी मोडलं किंवा आवरण धरणारी क्लिप सैल झाली. या शेवटच्या प्रकारात ब्रेक अर्धवट सुटतो. त्यामुळे दोरी ओढायला फार जड जाते किंवा ठिणगीच पडत नाही, आणि माणूस उगाच कार्बोरेटर उघडून बसतो.

मग केबलचं खालचं टोक सोडवून तो लिव्हर हातानेच, पक्कडीने धरून हलवून बघा. स्प्रिंगचा ताण लागेल, पण तो सरळ जाऊन परत यायला हवा. लिव्हरच गंजून घट्ट बसला असेल तर दोष ब्रेकच्या भागात आहे, आणि नवी केबल त्याच्याशी झगडून पुन्हा तुटेल. लिव्हर मोकळा असेल तर दोष नक्की केबलचा.

ड्राइव्हच्या बाबतीत घाई आणखी महाग पडते. चाकं ओढत नाहीत म्हणून लोक केबल मागवतात, पण झिजलेला पट्टा, चाकाच्या आतले गुळगुळीत झालेले दाते, किंवा पट्ट्याच्या आच्छादनाखाली ठासून भरलेलं सुकं गवत हीही नेहमीची कारणं आहेत. चाक काढून दाते बघा, आच्छादन काढून पट्टा बघा. आणि केबलवर ताण कमीजास्त करायची चाकी किंवा नट असेल तर तो आधी थोडा फिरवून बघा. केबल वापरात थोडी सैल पडतेच, आणि पुष्कळदा तेवढ्यानेच काम होतं.

मॉडेल नंबर: मोवरचा, इंजिनाचा नाही

नवख्या माणसाची सगळ्यात जास्त फसगत इथे होते. मोवरवर सर्वांत ठळक अक्षरं असतात इंजिनाची: ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन, कोहलर, होंडा जीसीव्ही १६०. हे इंजिन कितीतरी वेगवेगळ्या कंपन्यांच्या मोवरवर बसवलेलं असतं. केबल मात्र हँडलच्या लांबीवर आणि आकारावर ठरते, म्हणून ती मोवर बनवणाऱ्याच्या नंबरावरून शोधायची. इंजिनाचा नंबर फिल्टर, प्लग, गास्केट यांच्यासाठी जपून ठेवा.

मोवरचा नंबर बहुतेक वेळा डेकच्या, म्हणजे पात्यावरच्या आच्छादनाच्या, मागच्या बाजूला, मागच्या झाकणावर किंवा हँडल जिथे डेकला जोडलं जातं त्या भागात चिकटवलेल्या पट्टीवर असतो. वाळलेलं गवत ओल्या फडक्याने पुसून काढा. खरवडू नका, अक्षरं जातात. फोनवर फोटो काढा. मॉडेल नंबर आणि सिरियल नंबर, दोन्ही पूर्ण घ्या. एकाच नावाचा मोवर अनेक वर्षं विकला जातो आणि मध्येच कधीतरी हँडल बदलतं. त्यामुळे टोरो किंवा होंडाच्या पार्ट्सच्या यादीत अमुक सिरियल नंबरपर्यंत एक केबल आणि पुढे दुसरी, असं आढळतं. होंडात नावापुढची अक्षरंही महत्त्वाची. एचआरएन २१६ व्हीकेए आणि एचआरएन २१६ व्हीवायए हे दोन मोवर दिसायला भाऊ, पण दुसऱ्याला रोटो-स्टॉप आहे, पहिल्याला नाही. नुसतं ‘एचआरएन २१६’ टाकून मागवलेली केबल चुकायची शक्यता मोठी.

जुना मोवर शेजाऱ्याकडून किंवा गराज सेलमधून घेतला असेल तर त्यावर क्राफ्ट्समन हे नाव बऱ्याचदा दिसेल. हे सीअर्स या दुकानसाखळीचं नाव. सीअर्स हे मोवर स्वतः बनवत नसे, वेगवेगळ्या कारखान्यांकडून बनवून घेत असे. मॉडेल नंबरातले टिंबाआधीचे तीन आकडे कारखाना सांगतात. ९१७ असेल तर हस्कवार्ना गटाचा, २४७ असेल तर एमटीडी या मोवर बनवणाऱ्या कंपनीचा. क्राफ्ट्समन हे नाव २०१७ मध्ये स्टॅनली ब्लॅक अँड डेकरकडे गेलं आणि २०२१ मध्ये एमटीडी ही कंपनीही पूर्णपणे त्यांच्याच मालकीची झाली. ट्रॉय-बिल्ट, कब कॅडेट, यार्ड मशीन्स हे सगळे एमटीडीचेच, त्यामुळे त्यांच्यातल्या पुष्कळ केबल्स एकच असतात.

एमटीडीचं एक माहीत असलं की शोध निम्म्याने सोपा होतो. त्यांच्या पार्ट नंबरचे पहिले तीन आकडे वस्तूचा प्रकार सांगतात: ७४६ म्हणजे केबल, ७५४ म्हणजे पट्टा, ७४२ म्हणजे पातं. पुढे त्यांनी पहिला ७ बदलून ९ केला, म्हणून त्याच केबलला एका ठिकाणी ७४६ने सुरू होणारा आणि दुसरीकडे ९४६ने सुरू होणारा नंबर दिसतो. उरलेले आकडे जुळत असतील तर गोंधळून जाऊ नका, वस्तू तीच.

होंडाने सप्टेंबर २०२३ मध्ये इथलं पेट्रोल मोवरचं उत्पादन बंद केलं. म्हणून कुणी ‘आता पार्ट मिळणार नाहीत, मोवर टाकून द्या’ म्हणालं तर ऐकू नका. अधिकृत विक्रेत्यांकडे केबल्स मिळतात.

चित्रावरून पार्ट नंबर काढा

मॉडेल नंबर हाती आला की कंपनीच्या वेबसाइटवर किंवा पार्ट्स विकणाऱ्या मोठ्या संकेतस्थळावर त्याची सुट्या भागांची आकृती मिळते. सगळा मोवर उकलून, प्रत्येक भागाला क्रमांक देऊन दाखवलेला असतो. हँडल आणि कंट्रोल्सचं पान उघडा. केबलची रेघ शोधा, तिची दोन्ही टोकं तुम्ही कागदावर लिहिलेल्या दोन जागांपाशी जातात का ते पाहा, तिचा क्रमांक घ्या आणि खालच्या तक्त्यात त्यासमोरचा पार्ट नंबर उतरवा.

त्या नंबरापुढे ‘याऐवजी आता हा नंबर’ असं लिहिलेलं असेल तर घाबरायचं कारण नाही. कंपनीनेच जुनी केबल बंद करून सुधारलेली आणलेली असते. नवीन केबलचं टोक किंवा क्लिप जुन्यापेक्षा थोडी निराळी दिसू शकते, पण कंपनीचा बदली नंबर असेल तर ती बसते.

जुन्या केबलच्या आवरणावर कधीकधी छापलेला कागदी पट्टा असतो. त्यावरचा नंबरही लिहून घ्या, पण एकट्या त्यावर विसंबू नका. तो कधी मोवर कंपनीचा पार्ट नंबर असतो, तर कधी केबल बनवणाऱ्या पुरवठादाराचा स्वतःचा.

माप घेणं, आणि ते का घ्यायचं

पार्ट नंबर नक्की सापडला आणि कंपनीचीच केबल घेणार असाल तर माप फक्त पडताळ्यापुरतं. पण पट्टी फाटली आहे, नंबर पुसला आहे, किंवा स्टेन्स, रोटरी, ओरेगॉन यांसारख्या दुसऱ्या उत्पादकांची केबल घ्यायची आहे, तर माप हाच आधार.

केबल कशी काम करते हे नीट समजलं तर मापातली चूक टळते. सायकलच्या ब्रेकची केबल डोळ्यांसमोर आणा. बाहेरची नळी दोन्ही टोकांना अडकवून स्थिर ठेवलेली असते आणि आतली तार तिच्यातून सरकते. म्हणजे काम करते ती नळीबाहेर उरलेली तार. कॅटलॉगात दोन मापं दिलेली असतात: आतल्या तारेची पूर्ण लांबी, जिला इनर वायर म्हणतात, आणि नळीची लांबी, जिला कॉन्ड्युइट किंवा आउटर म्हणतात. पहिल्यातून दुसरी वजा केली की बाहेर उरणारी तार कळते.

समजा जुन्या केबलची नळी ५१ इंच आणि तार ५६ इंच आहे. बाहेर ५ इंच उरतात. तुम्हाला ५२ इंच नळीची आणि ५७ इंच तारेची केबल मिळाली तर बहुतेक वेळा ती चालेल. नळी एक इंच जास्त आहे, ती थोड्या मोठ्या वळणाने नेता येते. पण ५१ इंच नळी आणि साडेपंचावन्न इंच तार अशी केबल मिळाली तर ती घेऊ नका, फरक अर्ध्याच इंचाचा असला तरी.

कारण तार बाहेर अर्धा इंच कमी उरली तर दांडी सोडलेली असतानाही केबल थोडी ओढलेलीच राहते. इंजिन ब्रेकच्या बाबतीत याचा अर्थ ब्रेक पूर्ण लागत नाही. मोवर एका ओढीत सुरू होईल, छान चालेल, सगळं ठीक वाटेल, आणि दांडी सोडल्यावर पातं ३ सेकंदांऐवजी कितीतरी जास्त वेळ फिरत राहील. ड्राइव्ह केबल तशी आखूड पडली तर दांडी सोडली तरी मोवर चालतच राहतो, किंवा पट्टा सतत घासून लवकर संपतो. उलट तार जास्त उरली तर दांडीची निम्मी हालचाल नुसता ढिलेपणा भरून काढण्यात जाते आणि ब्रेक सुटतच नाही. ही चूक निदान लगेच कळते. आखूड केबलची चूक लपून राहते, म्हणून तिच्याबद्दल जास्त काळजी घ्या.

माप घेताना केबल काढून टेबलावर सरळ ठेवा. तार एका बाजूने हळू ओढून ताठ करा. नळीचं माप तिच्या टोकांना बसवलेल्या फिटिंगच्या टेकणाऱ्या कडेपासून कडेपर्यंत, आणि तारेचं माप एका टोकाच्या वाकाच्या मध्यापासून दुसऱ्या टोकाच्या मध्यापर्यंत. तार तुटली असेल तर दोन्ही तुकड्यांची मापं बेरजेत धरा, विस्कटलेले धागे आधी बोटाने सरळ करून. हातमोजे घाला, ते धागे सुईसारखे टोचतात. मापं इंचात घ्या, कॅटलॉग इंचातच असतात. घरात भारतातून आणलेली सेंटिमीटरची टेप असेल तर एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर.

एक बारकावा इथे ध्यानात ठेवायलाच हवा. जुनी केबल ताणली गेल्यामुळेच बदलत असाल तर तिच्या तारेचं तुमचं माप मूळ लांबीपेक्षा जास्त येणार. अशा वेळी कॅटलॉगातला मूळ आकडा खरा माना. ताणलेल्या केबलच्या मापाची हुबेहूब नवी आणली तर दोषही नवीन केबलसोबत परत येतो.

टोकं जुळतात का

लांबी जुळूनही केबल बसत नाही ती टोकांमुळे. वर आणि खाली, दोन्हीकडचे जवळून फोटो काढा. तारेच्या टोकाला इंग्रजी झेडसारखा वाक आहे, गोल मणी आहे, आडवा पिंपासारखा तुकडा आहे, कडी आहे की हूक? टोकाजवळ स्प्रिंग आहे का, आणि ती केबलचाच भाग आहे की इंजिनावरची वेगळी? स्प्रिंग केबलसोबत येते असं गृहीत धरून जुनी टाकून देऊ नका. आधी पार्ट्सच्या यादीत बघा.

मग नळीची टोकं. प्लास्टिकची खटकन बसणारी क्लिप आहे की आटे पाडलेली धातूची नळी आणि तिच्यावर दोन नट? क्लिप कुठल्या आकाराच्या भोकात बसते? ताण जुळवायची चाकी वर आहे की मध्ये? या गोष्टी हाताने बदलता येत नाहीत. भोक मोठं करणं, क्लिप घासून बसवणं, झेडचा वाक सरळ करून पुन्हा वाकवणं, यातलं काहीही ब्रेकच्या केबलवर करू नये. एकदा सरळ करून पुन्हा वाकवलेली तार तिथेच तुटते.

‘युनिव्हर्सल’ म्हणून मिळणाऱ्या, हव्या त्या लांबीला कापायच्या केबल्सबद्दल नेहमी विचारलं जातं. थ्रॉटलसाठी त्या ठीक आहेत. थ्रॉटलची तार बहुतेक वेळा एकसंध, कडक असते, ती ओढतेही आणि ढकलतेही, आणि तिचं टोक स्क्रूखाली दाबून धरता येतं. ब्रेकची आणि ड्राइव्हची तार पिळाची, लवचीक असते. ती फक्त ओढते, परत आणायचं काम स्प्रिंग करते, आणि तिची टोकं कारखान्यात दाबून बसवलेली असतात. कापून स्क्रूने आवळलेलं टोक तिथे कधी निसटेल याचा भरवसा नाही. माझं मत विचाराल तर ब्रेकसाठी कंपनीची किंवा नावाजलेल्या उत्पादकाची, नंबर जुळलेलीच केबल घ्यावी. वाचणारे दहा डॉलर त्या धोक्याच्या मोलाचे नाहीत.

मागवताना आणि बसवताना

विक्रेत्याच्या पानावर ‘या मॉडेलला बसते’ अशी यादी असेल तर त्यात तुमचा पूर्ण नंबर शोधा. नुसतं ‘अमुक कंपनीच्या २१ इंची मोवरसाठी’ लिहिलेलं पुरेसं नाही. परत करायची सोय बघा. जवळ अधिकृत दुरुस्ती करणारं दुकान असेल तर जुनी केबल आणि मॉडेल नंबरचा फोटो घेऊन तिथेच जा. काउंटरमागचा माणूस रोज हेच बघत असतो आणि दोन मिनिटांत नंबर काढून देतो. मोठ्या साखळी दुकानांतल्या बागकामाच्या विभागात सहसा मोजक्याच केबल्स टांगलेल्या असतात.

एक केबल आवरण तडकून गेली असेल तर तिच्या शेजारची, तेवढीच उन्हं-पावसाळे पाहिलेली दुसरी केबलही तपासा. तिचंही आवरण कडक होऊन चिरलं असेल तर दोन्ही एकदम मागवा. डाकखर्च एकदाच पडतो आणि मोवर एकदाच उघडावा लागतो.

पार्सल आलं की पिशवी फोडण्याआधी नंबर बघा, मग जुनी आणि नवी शेजारी-शेजारी ठेवून टोकं व लांबी मिळवा. जुनी काढण्यापूर्वी तिच्या पूर्ण वाटेचे फोटो काढलेले असावेत. कुठल्या पट्टीखालून, हँडलच्या कुठल्या बाजूने, कुठे बांधलेली, सगळं. नवी त्याच वाटेने न्या. सायलेन्सरला टेकू देऊ नका, प्लास्टिक वितळतं. तीव्र कोन करू नका. झेडचं टोक लिव्हरच्या भोकात घालताना केबल आडवी धरून फिरवत घाला, जोर लावावा लागत नाही.

टाय आवळण्याआधी हँडल एकदा पूर्ण दुमडून आणि पुन्हा उभं करून बघा. मोवरच्या केबल्स मोडायचं फार मोठं कारण हँडल दुमडणं हेच असतं. दुमडताना केबल सांध्यात चिमटते किंवा एकाच जागी वाकते, आणि हिवाळाभर तशीच राहते. सांध्यापाशी एक मोकळं वळण राहील इतकी सैल सोडून मग टाय लावा.

ताण जुळवताना दांडी सोडलेली असेल तेव्हा तारेत अगदी किंचित ढिलेपणा जाणवायला हवा आणि लिव्हर आपल्या विसाव्याच्या जागेवर पूर्ण टेकलेला हवा. दांडी दाबल्यावर तो दुसऱ्या टोकापर्यंत पूर्ण जायला हवा. ड्राइव्हसाठी दांडी सोडून मोवर मागे-पुढे ढकलून बघा, चाकं मोकळी फिरायला हवीत.

आता प्लगची वायर लावा. मोकळ्या, सपाट जागी, मुलं आणि कुत्री दूर ठेवून इंजिन सुरू करा. पूर्ण वेगात आलं की दांडी सोडा आणि मनात सेकंद मोजा. तीनच्या आत पात्याचा आवाज थांबला पाहिजे. रोटो-स्टॉप असेल तर इंजिन चालू राहील, पण पात्याची घरघर थांबलेली स्पष्ट ऐकू येते. वेळ जास्त लागला तर मोवर वापरू नका. प्लगची वायर पुन्हा काढा, केबल जास्त ताणलेली आहे का बघा, सैल करा, पुन्हा मोजा. तरीही थांबत नसेल तर ब्रेकचा पॅड झिजलेला असू शकतो, आणि ते काम दुकानात द्यावं.

नव्या केबलचं आवरण आपल्या जागी बसायला थोडा वापर लागतो. दोन-तीनदा गवत कापून झालं की ताण पुन्हा तपासा, आणि त्यानंतर आणखी एकदा पातं थांबायचा वेळ मोजा. नव्या केबल्सच्या आत बहुतेक वेळा प्लास्टिकचं अस्तर असतं, त्यामुळे तिच्यात ग्रीस भरायची गरज नाही. ग्रीसला सुकं गवत आणि धूळ चिकटते. पार्ट नंबर आणि बसवल्याची तारीख मोवरच्या माहितीपुस्तिकेच्या पहिल्या पानावर लिहा, म्हणजे पुढच्या खेपेला झिजलेली पट्टी वाचत बसावं लागणार नाही.